बाबांना सांग

३ तारीख, सोमवार

काच पुरवणाऱ्या व्यापाऱ्यानं भेट दिलेली ही रोजनिशी दुकानात नुसती पडून होती. आजपासून मी तिच्यात लिहिणार आहे, कारण घरात बोलायला कुणी उरलेलं नाही. म्हणजे नवरा आहे, मुलगी आहे, दोघंही ठणठणीत आहेत. पण नवऱ्याशी माझा अबोला चाललाय, आणि मुलगी आठ वर्षांची, तिच्याशी मनातलं काय बोलणार?

झालं असं. आमचं फोटोंच्या फ्रेमा करायचं दुकान. हे काच आणि पट्ट्या कापतात, कोपरे जुळवतात; मी आतला पुठ्ठा कापते आणि गिऱ्हाईक सांभाळते. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. शेजारच्या गाळ्यात कुलुपं दुरुस्त करणारे एक म्हातारे असायचे, ते गाळा सोडून मुलाकडे गेले. परवा घरमालक आले आणि मला म्हणाले, "अभिनंदन वहिनी, आता दुकान मोठं होणार." मी विचारलं, कुणाचं? तर म्हणे आमचंच. यांनी तो गाळा घ्यायचा म्हणून बोलून ठेवलेलं, मधली भिंत फोडून दार काढायची परवानगीसुद्धा मागितलेली. तिथं हे तयार आरसे करून विकणार. आणि मला, जिनं या दुकानाची पाटी स्वतः रंगवली तिला, पत्ता नाही. घरमालकांसमोर मी हसले. इतकी हसले की गाल दुखले.

तेव्हापासून बोलणं बंद. भांडले नाही. मी भांडत नसते. माझ्या माहेरी भांडण ऐकायला गल्ली जमायची. आईचा आवाज टिपेला, बाबांचा तिच्याही वर, आणि मधूनमधून भांडी. मी पांघरुणात कानात बोटं घालून पडलेली असायचे. तेव्हाच ठरवलं होतं की माझ्या लेकराच्या कानावर चढा आवाज कधी पडू द्यायचा नाही, आणि ते मी पाळलंय. यांच्या घरची तऱ्हा उलटी. तिथं सगळे मूग गिळून बसणारे. माझे सासरे म्हणे एकदा सासूबाईंशी अख्खा उन्हाळा बोलले नव्हते. तेव्हा अबोल्याच्या बाबतीत हे वारसाहक्कानं तयार आणि मी स्वकष्टानं. बघू कोण आधी तोंड उघडतंय.

५ तारीख, बुधवार

सकाळी मुलगी शाळेत असते तेव्हा जरा पंचाईत होते. मग गिऱ्हाइकांचा उपयोग करावा लागतो. आज एक आजोबा त्यांच्या बायकोचा फोटो घेऊन आले. त्यांना मी म्हटलं, "शनिवारपर्यंत नक्की देऊ हं, म्हणजे इथं कामापेक्षा आरशांची स्वप्नं बघणं जास्त चालतं, पण देऊ." लेकी बोले सुने लागे. आतून काच कापायचा आवाज थांबला. आजोबा बिचारे म्हणाले, मला आरसा नको, फ्रेमच हवी.

दुपारी भिंगरी आली की सगळं सुरळीत. (तिचं हे नाव यांनी ठेवलं. चालायला लागल्यापासून घरभर गरगर फिरायची.) "बाबांना सांग, पानं घेतलीयत." "आईला सांग, एवढा कोपरा चिकटवून येतो." आम्ही दोघं एकाच खोलीत असतो, पण ती मध्ये उभी राहून बरोबर निरोप देते. सुरुवातीला तिला हसू यायचं, आता सराईत झाली आहे. तीन वर्षांची होती तेव्हापासून आमच्या अशा खेपा घालते. दर वेळी चार-सहा दिवसांचा प्रश्न असतो.

आज संध्याकाळी मात्र मोठा निरोप आला. भिंगरी स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "बाबा विचारतात, गाळ्याचं काय करायचं?" आत्ता विचारतात. वरातीमागून घोडं. मी कांदा चिरता चिरता म्हटलं, "बाबांना सांग, त्या भिंतीला हात लागला तर मी भिंगरीला घेऊन माहेरी निघून जाईन. मग बसा म्हणावं चार भिंती आणि आरसे घेऊन." आवाज अजिबात चढवला नाही. ती गेली. बराच वेळ आली नाही. मग येऊन म्हणाली, "बाबा म्हणाले, तू म्हणशील तसं."

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात ते खोटं नाही. तरी मी लगेच बोलणार नाहीये. स्वतः येऊन म्हणू देत.

८ तारीख, शनिवार

आज कमाल झाली. एका लग्नाच्या फोटोसाठी मी दुहेरी पुठ्ठा कापला होता, आत बारीक सोनेरी कड ठेवून. भिंगरी दुकानातून येऊन म्हणाली, "बाबा म्हणतात, आईचं काम फार सुबक आहे."

सुबक! यांच्या तोंडात हा शब्द मी जन्मात ऐकलेला नाही. फार खूश झाले तर "चालेल" म्हणतात. लग्नानंतर मी पहिल्यांदा साग्रसंगीत स्वयंपाक केला तेव्हाही "चालेल" म्हणाले होते. नंतर भिंगरीची शुद्धलेखनाची वही चाळताना तिच्या बाईंचा लाल शेरा दिसला, "अक्षर सुबक". तेव्हा उलगडा झाला. यांनी वही बघितली असणार आणि तिथून शब्द उचलला. लेकीच्या अभ्यासात लक्ष घालतात म्हणजे चांगलंच आहे.

मी चहा जास्त टाकला आणि म्हटलं, "बाबांना दे." निरोप काहीच दिला नाही, नुसता चहा. थोड्या वेळानं यांनी माझ्या कामाच्या टेबलावरचा दिवा बदलून पांढऱ्या उजेडाचा लावला. न बोलता. मी कधीच मागितला नव्हता, पण हवा होता खरा.

११ तारीख, मंगळवार

खरं सांगायचं तर हा अबोला आम्हाला मानवलाय. हे वेळेवर जेवायला येतात. परवा माझ्या उंचीचं स्टूल करून दिलं. मीही टोमणे कमी केलेत. भिंगरी सांगते, बाबा म्हणाले दमत जाऊ नकोस, बाबा म्हणाले तुझी पाठ दुखते का. बोलत होतो तेव्हा यांना माझ्या पाठीची कधी आठवण झाली नव्हती.

भिंगरीचं पोट मात्र सारखं दुखतं. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पोट दाबून बघितलं, जीभ बघितली, काही नाही म्हणाले. बाहेरचं खाणं बंद केलंय. संध्याकाळी खेळायलाही जात नाही हल्ली. गल्लीतल्या मुली खडूनं घरं आखून लंगडी खेळतात, ही आपली दुकान आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या बोळात पुस्तक घेऊन बसते. मी म्हटलं जा की गं, तर म्हणाली, "तुम्हाला काही लागलं तर?" गुणाची आहे पोर. तिच्या वयाच्या इतर मुली हाक मारली तरी ओ देत नाहीत.

१४ तारीख, शुक्रवार

आज शाळेतून फोन आला, कपडे घेऊन या. भिंगरीला वर्गात लघवी झाली. आठ वर्षांच्या मुलीला. मला इतकं लाजिरवाणं झालं, आणि शाळेचा संतापही आला. लहान मुलांना वेळेवर सोडता येत नाही का या लोकांना?

पण बाई म्हणाल्या, तिनं विचारलंच नाही. बाकावरच्या शेजारणीला म्हणाली होती, "बाईंना सांग, मला जायचंय." शेजारीण म्हणाली, तूच सांग. ही पुन्हा म्हणाली, तू सांग ना. तेवढ्यात व्हायचं ते झालं. मी घरी येताना तिला विचारलं, अगं तोंड नाही का तुला? ती खाली बघून चालत राहिली. लाजाळू आहे, यांच्यावर गेलीये. मी तिच्या वयात वर्ग डोक्यावर घ्यायचे.

यांना कळवायचं कसं हा प्रश्न पडला. तिचा निरोप तिच्याच हातून कसा पाठवणार? शेवटी कळवलंच नाही. ओले कपडे धुऊन मागच्या दोरीवर टाकले.

१८ तारीख, मंगळवार

बाईंनी भेटायला बोलावलं. वर्ग सुटल्यावर एका बुटक्या बाकावर मला बसवलं आणि जे सांगितलं ते ऐकून मी थक्क झाले. भिंगरीच्या दोन मैत्रिणी, एक शिंप्यांची मुलगी आणि एक डॉक्टरांची, खोडरबरावरून भांडल्या. भिंगरी दोघींच्या मध्ये निरोप न्यायला लागली. शिंप्यांच्या मुलीला म्हणाली, ती तुला सॉरी म्हणतेय. डॉक्टरांच्या मुलीला म्हणाली, ती म्हणतेय तूच माझी बेस्ट फ्रेंड. दोघींनी यातलं काहीही म्हटलेलं नव्हतं. दोन दिवस गोडीगुलाबीत गेले. मग दोघी समोरासमोर बोलल्या आणि बिंग फुटलं. आता सगळा वर्ग हिला खोटारडी म्हणतो. मधल्या सुट्टीत ही एकटी पायरीवर बसते, आणि गल्लीतही त्याच मुली, म्हणून खेळायला जात नाही.

बाईंनी विचारलं, घरी काही वाद चाललाय का? मी अभिमानानं सांगितलं, आमच्याकडे कधी आवाजसुद्धा चढत नाही. बाई म्हणाल्या, "तसं नाही. दोन माणसांचं पटलं नाही तर ती काय करतात, कशी पुन्हा एक होतात, हे तिला घरी बघायला मिळतं का?" मी म्हटलं, वादच नाही तर मिटायचा कुठून? बाई समोरच्या वह्यांचा गठ्ठा सरळ करायला लागल्या. तरुण आहेत अजून, पुस्तकातलं बोलतात.

घरी आल्यावर भिंगरीला समोर बसवलं आणि नीट समजावलं. खोटं बोलणं वाईट. कुणी निरोप दिला तर शब्दाला शब्द तसाच सांगायचा, आपल्या पदरचं घालायचं नाही.

"आणि निरोप वाईट असला तर?"

"वाईट असो, चांगला असो. निरोप्यानं निरोप सांगावा, बाकीची उठाठेव करू नये."

ती हो म्हणाली. जेवली नाही. मला वाईट वाटलं, पण वळण वेळीच लावलेलं बरं.

२० तारीख, गुरुवार

आज हे दोनदा घरमालकांकडे जाऊन आले. मला शंका आली. मी भिंगरीला म्हटलं, "बाबांना सांग, माझं म्हणणं अजून तेच आहे." ती बोळापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. मी मान वाकवून बघितलं तर भिंतीला टेकून उभी. ना इकडे ना तिकडे. मी म्हटलं, अगं जा की. मग गेली. परत येऊन काहीच बोलली नाही. विचारलं तेव्हा म्हणाली, "बाबा काच कापत होते." म्हणजे ऐकून न ऐकल्यासारखं केलं यांनी. जुनी खोड.

पोट पुन्हा दुखतंय म्हणते.

२२ तारीख, शनिवार

झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी दुकान उघडलं आणि गवंडी आला. बरोबर घमेलं, छिन्नी, हातोडा. मला म्हणाला, "वहिनी, खडूनं खूण करून द्या, दार नेमकं कुठं काढायचं? तुमचे मालक म्हणाले तुम्हीच ठरवणार." मी म्हटलं, कसलं दार? तेवढ्यात हे आतून आले. आणि माझ्याकडे न बघता गवंड्याला म्हणाले, "त्यांनीच सांगितलंय की. दार त्यांच्या टेबलाजवळ काढा, उजेड येईल."

मी गवंड्याला म्हटलं, "मी असं कधीच म्हणाले नाही. मी म्हणाले होते, भिंतीला हात लागला तर मी पोरीला घेऊन माहेरी जाईन."

हे गवंड्याला म्हणाले, "मला निरोप आला होता, 'आई म्हणते, खुशाल करा'."

मी गवंड्याला म्हटलं, "आणि मला आला होता, 'तू म्हणशील तसं'."

हे गवंड्याला म्हणाले, "मी तसं म्हणालो नव्हतो. मी म्हणालो, बरं झालं बाई, सुटलो."

गवंड्याची मान एकदा इकडे, एकदा तिकडे. शेवटी त्यानं हातोडा खाली ठेवला. "तुमचं आपसात ठरलं की हाक मारा, मी कोपऱ्यावर चहा घेतो," असं म्हणून तो गेला. आता आमच्या मध्ये कुणीच राहिलं नाही, आणि दोघांनी एकदमच मागे वळून बघितलं. भिंगरी दारात उभी होती. शनिवारची सुट्टी होती ना. तोंड पांढरंफटक.

माझा आवाज चढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा चढला आणि तो नेमका तिच्यावर. म्हटलं, आमच्याशीसुद्धा खोटं? स्टुलाचा निरोप, दिव्याचा निरोप, ते सुबक, सगळं तुझ्या मनचं? तिनं दाराची चौकट घट्ट धरली. हेही म्हणाले, "भिंगरे, आईनं सांगितलं तेच का नाही सांगितलंस?"

तेव्हा बोलली. रडत नव्हती. "आई मलापण नेणार होती. तो निरोप मीच कसा सांगू?"

आणि आत जाऊन मोरीत शिरली आणि आतून कडी लावली. आम्ही दोघं मागोमाग धावलो. हाका मारल्या. उलटीचा आवाज आला. मी दार ढकललं.

हे म्हणाले, "कडी आतून आहे."

मी म्हटलं, "माहितीये. ती वरची फट मोठी आहे, पट्टी घालून निघेल का बघा."

"नको, घाबरेल."

लिहिताना लक्षात येतंय की आमचं पहिलं बोलणं ते झालं. दारापाशी जमिनीवर बसलो दोघं. हे आत ऐकू जाईल असं म्हणाले, भिंत फोडत नाही, गवंड्याला परत पाठवतो. मी म्हटलं, मी कुठंही जात नाहीये, तुला घेऊन नाही आणि एकटीही नाही. मग आतून पाण्याचा आवाज आला. तोंड धुऊन बाहेर आली, आमच्या मधून गेली आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजली. गवंडी चहा पिऊन आला तेव्हा यांनी त्याला जा म्हणून सांगितलं.

२३ तारीख, रविवार

भिंगरी बोलत नाही. माझ्याशी नाही, यांच्याशी नाही. विचारलं तर मान हलवते. खाते, अंघोळ करते, पुस्तक वाचते, पण तोंडातून शब्द नाही. आठ वर्षांच्या पोरीनं अबोला धरलाय. हे कुठून शिकली देव जाणे.

सवयीनं मी दुपारी म्हटलं, "बाबांना सांग..." तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. मग मलाच उठून जावं लागलं. दुकानाच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, "जेवायला चला." हे म्हणाले, "आलो." एवढं सोपं होतं.

२५ तारीख, मंगळवार

काल दिवसभर टाळून आज सकाळी, भिंगरी शाळेत असताना, मी विचारलंच. तुम्ही गाळ्याचं आधी मला का नाही विचारलंत?

हे पट्टीला पॉलिश घासत होते, घासतच राहिले. म्हणाले, विचारलं की तू नाही म्हणतेस, आणि नाही म्हटलं की मग आठ दिवस गप्प बसतेस. त्यापेक्षा करून टाकावं, गप्प तर दोन्हीकडून बसणारच. मी म्हटलं, विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. हे म्हणाले, आता कोणीही म्हणेल. मी म्हटलं, मग तुम्ही तरी कुठं बोलता? तोंडाला कुलूप. शेजारचे म्हातारे कुलपं उघडायला होते तोवर दाखवायला हवं होतं.

हसले नाहीत. फडका खाली ठेवला. म्हणाले, "तो उन्हाळा आठवतोय मला. अण्णा आईशी बोलत नव्हते तेव्हा निरोप मीच न्यायचो. अण्णा म्हणायचे, तिला सांग, तिचं तोंड बघायची इच्छा नाही. मी जाऊन सांगायचो, अण्णा म्हणतात, भाजी छान झालीये."

"मग सासूबाईंना कळलं नाही?"

"आई मरेपर्यंत तीच भाजी करत होती."

माझ्या नवऱ्याबद्दलची ही गोष्ट मला आज कळली, इतकी वर्षं एका ताटात जेवूनही. भिंगरीला वर्गात काय झालं तेही सांगितलं, कपडे धुतले ते, खोटारडी म्हणतात ते. हे ऐकत होते आणि त्यांचे कान लाल झाले. दुकान बंद करून स्वतः तिला आणायला शाळेत गेले, आणि बाईंशी बोलून आले. पहिल्यांदाच वर्ग कुठला आहे ते विचारत विचारत.

बाईंनी यांना सांगितलं म्हणे, एक तर तिच्या हाती निरोप देणं बंद करा. आणि दुसरं, भांडा. पण एकमेकांशी, तिच्या देखत, आणि मिटेपर्यंत. हे असं काही सांगतात का शाळेत? मला तर वाटलं होतं खडसावतील.

२७ तारीख, गुरुवार

भांडायचा प्रयत्न केला. जमत नाही. मी बोलायला लागले की माझी आई बोलतेय असं वाटून मीच थांबते. हे दोन वाक्यं बोलून काच कापायला जातात. आज मी पाठोपाठ गेले. म्हटलं, मिटेपर्यंत म्हणाल्यात बाई. हे म्हणाले, कशाबद्दल भांडत होतो? दोघांनाही आठवेना.

जेवताना भिंगरी म्हणाली, "आई, मीठ." तेवढंच. मी इतक्या घाईनं दिलं की निम्मं सांडलं. यांनी काही दाखवलं नाही, पण बोटानं सांडलेलं मीठ गोळा करत बसले.

शाळेत अजून पायरीवरच बसते. मी खोदून विचारलं तर म्हणाली, त्या दोघींना सॉरी म्हणायचंय. मी पटकन म्हटलं, मी सांगते त्यांच्या आयांना. म्हटलं आणि जीभ चावली. तिनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "नको. मी सांगीन." कधी, ते विचारायचं मोठ्या मुश्किलीनं टाळलं.

३० तारीख, रविवार

गाळा घ्यायचं ठरलं. दोघांनी मिळून ठरवलं, भिंगरीसमोर बसून, तिलाही विचारून. ती म्हणाली, घ्या. उद्या गवंडी येणार, म्हणून आज दाराची जागा ठरवायची होती, आणि त्यावरून जुंपली.

माझं म्हणणं, दार रस्त्याच्या बाजूला हवं, म्हणजे आरसे बघायला आलेलं गिऱ्हाईक माझ्या टेबलाला वळसा न घालता जाईल. यांचं म्हणणं, मागच्या बाजूला, म्हणजे काचा नेता येतील. मी म्हटलं, काचा दिवसातून दोनदा जातील, माणसं वीसदा. हे म्हणाले, माणूस धडकला तर सॉरी म्हणतो, काच धडकली तर फुटते. मी म्हटलं, तुम्हाला आयुष्यभर काचेचीच काळजी. माझा आवाज वर गेला. यांचाही गेला, जो आहे हे मला ठाऊकच नव्हतं. गाळ्याचं निघालं, घरमालकांसमोर हसायला लागलं ते निघालं, मी किती वेळा गप्प बसले त्याचा यांनी पाढा वाचला. समोरचा इस्त्रीवाला दुकानाबाहेर येऊन उभा राहिला. मला लाज वाटली, पण थांबले नाही.

भिंगरी बोळातून बाहेर आली. मला वाटलं, आता हिचं पोट दुखणार. हे सवयीनं तिच्याकडे वळले आणि म्हणाले, "सांग तुझ्या आईला..."

"ती इथंच आहे," भिंगरी म्हणाली. चपला घातल्या, आमच्या दोघांच्या मधून वाट काढली आणि दुकानाची पायरी उतरून रस्त्यावर गेली. आमचं काय होतंय ते बघायला थांबलीसुद्धा नाही. मी इतकी चकित झाले की माझं वाक्य अर्धंच राहिलं.

दारातून बघितलं. मुली लंगडीची घरं आखत होत्या. शिंप्यांची होती, डॉक्टरांची होती. भिंगरी त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिली. काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण स्वतः बोलली, हाताची बोटं पिळत, बराच वेळ. डॉक्टरांची मुलगी पाठ फिरवून उभी राहिली. शिंप्यांच्या मुलीनं खांदे उडवले आणि हातातली खापरी हिच्याकडे टाकली. ही लंगडी घालायला लागली. आम्ही दोघं दारात उभे, इकडचं भांडण तसंच सोडून.

तिसऱ्या घरात डॉक्टरांची मुलगी ओरडली, "आउट! रेषेवर पाय पडला."

मला वाटलं, आता ही येईल घरी. हेही पायरीवर एक पाऊल पुढे झाले होते, मी यांचा शर्ट धरला.

"नाही पडला," भिंगरी म्हणाली. एका पायावरच उभी राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "माझा पाय आत होता. ये, तू बघ. तूच बघ."

डॉक्टरांची मुलगी आली, वाकली, बघितलं. काही तरी कुरबुरली. मग बाजूला झाली आणि खेळ पुढे सुरू झाला.

मी यांचा शर्ट सोडला. मग हे म्हणाले, "दार मागेच हवं."

मी म्हटलं, "नको. या आत, खडू घ्या, दाखवते का ते."